ओल्या कागदावरची शाई

१

अण्णा परांचीखाली निपचित पडलेले सापडले, तेव्हा वर कड्यावर त्यांचा कागद तसाच चिकटलेला होता. वरचा भाग काळा, खालचा कोरा.

चिमीनं आधी कागद पाहिला आणि मग बाप पाहिला. या गोष्टीची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. पण ठसेकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलीची नजर आधी कागदावरच जाते, त्याला ती तरी काय करणार! ओला कागद दगडावर चिकटवायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवायचा, वाळत आला की शाईचा बोळा फिरवायचा. दगड काळा उमटतो, खाचांतली अक्षरं पांढरी राहतात. अण्णांनी चाळीस वर्षं एवढंच केलं आणि ते इतकं चांगलं केलं, की मोठमोठे विद्वान दगड बघायला येत नसत, अण्णांचे ठसे मागवून घेत.

हा कडा तसा नावाजलेला. दोन हजार वर्षांपूर्वी कुणा राजानं आपला एकच हुकूम इथे तीन भाषांत, तीन लिप्यांत, शेजारीशेजारी कोरून ठेवला होता. पहिली लिपी शिकलेसवरलेले लोक वाचतात. दुसरी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तिसरी मात्र अजून कुणालाच वाचता आलेली नाही, आणि त्या तिसरीसाठीच गेला महिनाभर कड्याखालच्या विश्रामगृहात मुक्काम पडला होता. अण्णांना यातली एकही लिपी येत नव्हती. वाचता येत नाहीत म्हणून त्यांनी अक्षरांना आपली नावं पाडली होती: हा कोंबडा, हा विळा, ही दोन मुसळं.

मुक्काम काही मोठा नव्हता. मुख्य म्हणजे सर. तिसरी लिपी हा त्यांच्या जन्माचा ध्यास आणि आवाज असा, की कुजबुजले तरी फाटकावर ऐकू जावं. दुसऱ्या लिपीच्या जाणकार बाई. फाटकावरचा रखवालदार. आणि अण्णा, चिमी व परांची बांधणारा तिचा थोरला भाऊ दादा.

संध्याकाळी साडेपाचला रखवालदार बोंबलत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार आले. निवृत्तीला आलेले, सौम्य बोलणारे गृहस्थ. चष्मा कपाळावर ठेवून तो खिशात शोधायचे. त्यांनी परांचीची फळी पाहिली, दोर हातात घेऊन उलटसुलट केला, आणि चिमीला बाजूला बोलावलं.

"ताई, दोर तुटलेला नाही. गाठ सुटलीय. आणि अशी गाठ आपोआप सुटत नाही, हातानं सोडावी लागते." त्यांनी दोर खाली ठेवला. "ही गाठ बांधतं कोण?"



"माझा भाऊ," ती म्हणाली.

२

फौजदारांनी जेवणघरात टेबल मांडलं आणि चिमीला शेजारी बसवून घेतलं. ठसा म्हणजे काय हे त्यांना तिच्याशिवाय सांगणार कोण?

"काल कागद किती वाजता लावला?"

"बाराला लावून झाला होता. मी खालून बघितला, मग इकडे आले."

"आणि शाई?"

"त्या बाजूला ऊन येत नाही, साहेब. चार तास तरी थांबावं लागतं. चारच्या आत अण्णा बोळ्याला हात लावत नसत."

"म्हणजे चारनंतर तुमचे वडील जिवंत होते आणि काम करत होते." फौजदारांनी वहीत लिहिलं. "शाई अर्ध्यावर राहिली. चार ते साडेपाचच्या मध्ये घात झाला."

चिमीनं मान हलवली. आपण आपल्याच तोंडानं काय सांगून बसलो, हे तिला तेव्हा कळलं नाही.

सर आले ते तणतणतच. "चार वाजता? मी इथे होतो! बाराला जेवलो, तासभर लवंडलो, दोनपासून या टेबलावर. विचारा हिला, समोरच बसली होती जुने ठसे गुंडाळत."

"खरंय," चिमी म्हणाली.

"अण्णांशी तुमचं वाजलं होतं म्हणे?"

"वाजणारच! परवा कागद लावताना फाडला त्यानं. तिसऱ्या लेखाचा! तुम्हाला कल्पना आहे का तिसरा लेख म्हणजे काय? पंधरा वर्षं घातलीत मी त्यात." सरांनी टेबलावर उजवीकडून डावीकडे बोट ओढलं, पुन्हा उजवीकडून डावीकडे. "प्रत्येक ओळ अशी वाचायची. अशी! माझं पुस्तक आहे यावर. एकदा त्यातली राजाची नावं सापडली, की कुलूप उघडलंच."

"नावं कशाला?" फौजदारांनी विचारलं.

"अहो, हुकूम तोच ना! नावं तिन्ही भाषांत तीच असणार. पहिल्या दोन लेखांत नाव कुठे आहे ते ठाऊक आहे. तिसऱ्यात ते ओळखलं, की त्यातली अक्षरं कळतात. अक्षरं कळली की सगळंच कळतं."

मग बाई आल्या. त्यांनी आधी चिमीच्या डोक्यावरून हात फिरवला. महिनाभर सवडीनं चिमीला चार अक्षरं शिकवणाऱ्या, कालपासून तिला जेवायला बसवणाऱ्या, रात्रभर तिच्याजवळ बसलेल्या त्याच होत्या. "पोरीला कशाला बसवलंत हो इथे? बघा तिचा चेहरा."

"तुम्ही दुपारी कुठे होता?"

"जेवून खोलीत पडले होते जरा. दोनला टेबलावर आले ते थेट आरडाओरडा होईपर्यंत. ही आणि सर समोरच होते." त्या कसनुसं हसल्या. "माझं काम दुसऱ्या लेखाशी. तिसऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही. ते सरांचं राज्य."

रखवालदारानं सांगितलं ते सरळ होतं. अकरा वाजता दादा नवा दोर आणायला गावात गेला, साडेतीनला खांद्यावर वेटोळं घेऊन आला. त्यानंतर फाटकातून कुणी आलं नाही, गेलं नाही.

"साडेतीननंतर कुठे होतास?" फौजदारांनी दादाला विचारलं.

"कड्यामागे. मागच्या वाटेनं जाऊन बांबू तोडत होतो."

"कुणी पाहिलं?"

"बांबूंनी," दादा चिडून म्हणाला. हा दादाचा स्वभाव. जिथे नरमाईनं घ्यायचं तिथेच त्याची जीभ तिरकी चालायची.

"परवा वडिलांशी भांडलास?"

"भांडलो. मला फळीवर लोंबकळत जन्म काढायचा नाही म्हणालो. गाडी चालवायला जाणार म्हणालो. म्हणून काय बाप मारीन?"

फौजदारांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि वही मिटली. मग उठले. "ताई, मला वाईट वाटतं. पण चारनंतर मोकळा हा एकटाच होता आणि गाठही याचीच. शहरातून गाडी निघालीय, बाराला पोचेल. तिच्यातून याला न्यावं लागेल."

घड्याळात साडेनऊ झाले होते.

३

कड्यावरचा कागद पुरावा होता आणि वारा सुटला होता. तो उतरवायला हवा, आणि तो न फाडता उतरवणारं आता चिमीशिवाय कुणी उरलं नव्हतं.

शिपायानं फळी पुन्हा आवळून बांधली. तरी चिमीनं गाठ दोनदा ओढून बघितली. काल याच फळीवरून अण्णा गेले. कमरेला बांधलेली दोरी वर कड्याच्या कडीतून फिरून खाली येत होती, आणि ती धरायला कुणीतरी हवं होतं. दादा खोलीत कोंडलेला, शिपाई त्याच्या दारावर.

"आण इकडे," बाई म्हणाल्या. "सर धरतील आणि बोलण्याच्या नादात सोडून देतील."

फौजदारांना शहरात फोन लावायचा होता आणि फोन लागायचा तो फक्त फाटकाजवळ. ते तिकडे गेले. सर आपल्या जबाबाची दुरुस्ती सांगत त्यांच्या मागेमागे गेले. कड्यापाशी वर चिमी आणि खाली बाई, एवढ्याच दोघी राहिल्या.

चिमी कागदासमोर पोचली आणि तिनं पहिल्यांदाच तो जवळून पाहिला. चौदा ओळी. त्यातल्या सहांवर शाई.

शाई फुटली होती.

तिनं डोळे चोळले. अक्षरांच्या कडांना काळ्या मिशा फुटल्या होत्या, पांढऱ्या खाचांत शाई ओघळली होती. ओल्या कागदावर बोळा मारला की असं होतं. ती सात वर्षांची असताना तिनं हे केलं होतं आणि अण्णा दिवसभर तिच्याशी बोलले नव्हते. अण्णांच्या हातून असं होणं शक्यच नव्हतं. मग हे केलं कुणी?

ज्यांच्या टेबलावर ठसा येतो तो वाळूनच येतो, त्यांच्यापैकी कुणीतरी. कागद वाळायची वाट पाहावी लागते हे ज्यांना कधी बघावंच लागलं नाही, त्यांच्यापैकी.

आणि कागद एवढा ओला होता, म्हणजे लावल्यावर तासाभरातच शाई लागली होती. एकच्या सुमारास. दादा गावात असताना!

तिला ओरडावंसं वाटलं. दादा सुटला! तिनं कसाबसा आवाज गिळला आणि पुन्हा बघितलं. आता ती अण्णांच्या नजरेनं बघत होती. अण्णा डाव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यापासून सुरू करत आणि गोल गोल घासत वर जात. ओळींशी त्यांना काय देणंघेणं? वाचणारा माणूस असता तर गोष्ट वेगळी. इथे तर बोळा ओळींवरून गेला होता. पहिली ओळ डाव्या टोकाला गडद, मग फिकी फिकी होत उजवीकडे संपलेली. बोळा डावीकडून निघाला होता. दुसरी ओळ उजव्या टोकाला गडद, डावीकडे फिकी. तिसरी पुन्हा डावीकडून. चौथी उजवीकडून.

अंगण झाडणारी जशी या भिंतीकडून त्या भिंतीकडे जाते आणि तिथूनच झाडत परत येते, तसा तो हात गेला होता. अक्षर न् अक्षर न्याहाळत, वाचत वाचत.

सर असते तर सहाच्या सहा ओळी उजवीकडून निघाल्या असत्या. पंधरा वर्षं त्यांचं बोट दुसरीकडून गेलेलं नाही. रखवालदाराला ओळ काय आणि पान काय, दोन्ही सारखंच. मग तिसरी लिपी अशी जातायेता वाचायची, हे माहीत असलेलं या मुक्कामात उरलं कोण?

तिची नजर चौथ्या ओळीच्या टोकाशी गेली. तिथे विळा, कोंबडा आणि दोन मुसळं असायला हवी होती. अण्णांनी वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या ठशात ती होती. लहानपणी त्यावर बोट ठेवून ती खिदळायची. आता तिथे नुसते खड्डे उमटले होते. दगडाचे टवके काढले होते कुणीतरी.

"काय ग," खालून बाईंचा मायाळू आवाज आला. "एवढं काय बघतेस?"

४

चिमीची पाचावर धारण बसली.

"काही नाही, बाई."

तोच कमरेची दोरी सैल पडली. तिनं वाकून पाहिलं. बाईंनी दोरीचं टोक खुंटाला गुंडाळलं होतं आणि त्या शिडी चढत होत्या. परांची करकरली.

पळायला जागा नव्हती. वर कडा, खाली तीस हात. फौजदारांची टोपी फाटकाजवळ सुपारीएवढी दिसत होती. हाक मारली तर ते पोचेपर्यंत एक धक्का पुरेसा होता. चिमीला वाटलं आपलं हृदय फळीवर ठोके देतंय आणि ते बाईंना पायाखाली कळतंय.

बाई फळीवर आल्या. त्यांना उंचीचं काही वाटत नव्हतं. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही, चिमीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग अगदी सहज त्यांनी चौथ्या ओळीच्या टोकावर तळहात ठेवला.

"हा कोपरा कसा ग उमटलाय असा?"

"तिथे दगडच खराब आहे, बाई. नेहमीच असं येतं." आपला आवाज कुठून आला हे चिमीला कळलं नाही.

"हो का? आणि शाई? अण्णांचीच ना?"

आता काही बोललं पाहिजे होतं. काहीतरी असं, की ज्यावर हिचा विश्वास बसेल. आणि विश्वास बसेल असं एकच होतं. चिमीनं तोंड उघडलं.

"अण्णांचीच. किती सुबक लावलीय बघा. म्हणजे चारला ते होते. म्हणजे दादानंच... बाई, दादानंच केलं हो!"

आणि ती रडली. ते रडणं खोटं नव्हतं. बापासाठी, भावासाठी, स्वतःच्या जिवाच्या भीतीसाठी ती हमसून हमसून रडली, आणि ज्या हातांनी अण्णांना ढकललं तेच हात तिच्या पाठीवरून फिरत राहिले.

"रड. रडून घे," बाई म्हणाल्या. "कागद मात्र नीट काढ हं. तोच पुरावा आहे."

त्या खाली उतरल्या आणि त्यांनी दोरी पुन्हा हातात घेतली. चिमीनं कागद सोडवला, सुरळी करून पाठीला बांधला आणि एकेक पायरी उतरू लागली. तेवीस पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीला तिला वाटलं, आता दोरी सुटणार.

५

बाराला दहा कमी असताना कागद जेवणघराच्या टेबलावर पसरला होता. सर, बाई, रखवालदार भिंतीशी उभे होते. दादाला शिपायानं दंडाला धरलं होतं. चिमी फौजदारांच्या इतकी जवळ उभी होती, की त्यांचं कोपर तिला लागत होतं. तिथून हलायची तिची छाती नव्हती.

"साहेब, ही शाई अण्णांची नाही," ती म्हणाली, आणि एकेक करून सगळं सांगितलं. फुटलेली शाई. एक वाजताचा ओला कागद. गावात दोर घेत असलेला दादा. "ज्यानं मारलं त्यानंच शाई लावली, साहेब. अण्णा चारपर्यंत होते असं वाटावं म्हणून. मग गाठ सोडली, आणि दोनला येऊन सगळ्यांच्या डोळ्यांसमोर बसलं."

"दोनला तर आम्ही दोघं बसलो!" सर ओरडले.

"सर, पहिल्या ओळीवर बोट फिरवा. वाचता तसं."

सरांनी फिरवलं. उजवीकडून. गडद शाई दुसऱ्या टोकाला होती. त्यांनी दुसऱ्या ओळीवर फिरवलं, तिसऱ्या ओळीवर फिरवलं, आणि त्यांचं बोट हवेतच थांबलं.

"हे... हे जाऊन परत आलंय," ते पुटपुटले. एवढ्या हळू बोलताना त्यांना आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

"तिसरी लिपी अशी वाचतात हे कुणाला तरी माहीत आहे," चिमी म्हणाली. "आणि चौथ्या ओळीची तीन अक्षरं दगडावरून खरवडलीत. वीस वर्षांपूर्वीच्या अण्णांच्या ठशात ती आहेत. काल मी जुने ठसे गुंडाळले, त्यात तो ठसा नव्हता. मला वाटलं, राहिला असेल कुठे."

बाई शांत होत्या. "पोरगी दुःखानं भ्रमलीय. तासापूर्वी मला सांगत होती, दादानं केलं म्हणून."

दादानं मान वळवून चिमीकडे पाहिलं. तिनं खाली बघितलं.

"सांगितलं," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याजवळ उभ्या होता म्हणून सांगितलं."

फौजदारांनी कुणाला आवाज दिला नाही. ते स्वतःच बाईंच्या खोलीत गेले आणि थोड्या वेळानं एक जुनी सुरळी घेऊन आले. ट्रंकेत, साड्यांच्या घडीत होती. त्यांनी ती नव्या कागदाशेजारी पसरली. प्रत्येक ओळीखाली बाईंच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, आणि ओळीच्या टोकाला बाण. एक उजवीकडे, एक डावीकडे. चौथ्या ओळीच्या टोकाला विळा, कोंबडा, दोन मुसळं, आणि त्यांच्याभोवती लाल वर्तुळ.

"राजाचं नाव!" सर सुरळीवर झेपावले. "इथे होय! अरे, बरोबर आहे... अगदी बरोबर आहे!" खोलीत बाप मेलेली दोन मुलं उभी आहेत हे त्यांच्या गावीही नव्हतं. फौजदारांनी त्यांना दंडाला धरून मागे ओढलं.

"दगडावरचं नाव का काढलंत, बाई?" फौजदारांनी विचारलं.

बाईंनी पदर सारखा केला. "पुस्तक व्हायला अजून सहा महिने होते. तोवर यांनी ओळखलं असतं तर? आज ना उद्या बोट उलटं फिरलंच असतं त्यांचं."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. शिपायानं दादाचा दंड सोडला.

६

तिसऱ्या दिवशी चिमी दादाला घेऊन ठाण्यात गेली. जबाबावर सही करायची होती. सही झाली, तरी ती उठेना. तिनं फौजदारांना विचारलं, बाईंशी एकदा बोलता येईल का?

दादाला ते पटलं नाही. तरी तो बरोबर आला. परांचीवर ती काय बोलली हे तिनं त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "बरं केलंस. नाहीतर मी दोघांना जाळून आलो असतो." त्यानंतर पुन्हा तो विषय निघाला नव्हता.

बाई बाकावर बसल्या होत्या. तीन दिवसांत वयस्कर दिसू लागल्या होत्या. चिमीला अजून त्यांची भीती वाटत होती. मधे गज होते तरी ती हातभर लांबच उभी राहिली.

"अण्णा शेवटी काय बोलले?" तिनं विचारलं. "एवढंच सांगा."



"मी वर गेले तेव्हा ते त्या खरवडलेल्या कोपऱ्यावर हात फिरवत होते," बाई म्हणाल्या. "मला म्हणाले, बाई, हे छिन्नीचं काम आहे आणि छिन्नी तुमच्या खोलीत पाहिलीय मी. मी नाही म्हटलं नाही."

"मग?"

"म्हणाले, घाबरू नका. तुम्ही माझ्या पोरीला चार अक्षरं शिकवलीत, मी ते विसरलो नाही. दगड कधीकधी आपोआप सुटतो. सरांनी विचारलं तर सुटला म्हणून सांगेन. मी सांगितलं तर कुणी पुन्हा विचारणार नाही."

पुढचं दादानंच विचारलं. "आणि तरी ढकललंत?"

"मला वाटलं, आज असं म्हणतात, उद्या बोलतील," बाई म्हणाल्या. "माझा विश्वासच बसला नाही."

चाळीस वर्षांत अण्णांनी दगडावर नसलेली एक रेघ कागदावर उमटू दिली नव्हती. जन्मात एकदाच खोटं बोलायला ते तयार झाले होते, आणि ते या बाईसाठी. चिमीनं गजाला धरलं. तीन दिवस तिच्या अंगात भरून राहिलेली भीती एकदम ओसरली आणि तिच्याजागी नुसतं दुःख उरलं. दादानं तिला सावरलं आणि दोघं एकमेकांना धरून बाहेर आले.